बिल नसलेल्या नुकसानीचं काय?

वाचकाचं पत्र:

वकील ताई, नमस्कार. मी हिंगणघाट तालुक्यातल्या खेड्यात राहतो. तीन एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी अन् तूर. ५ डिसेंबरला आमची घरची (वय ३४) बाजूच्या गावातून कापूस वेचून ऑटोनं परत येत होती. हायवेवर मागून ट्रकनं धडक दिली. उजवा हात कोपराखाली काढावा लागला. दोन ऑपरेशनं झाली, बावीस दिवस भरती होती. अपंगाचं सर्टिफिकेट ७० टक्क्यांचं मिळालं. ट्रकच्या विम्याकडून म्हणून एक माणूस दोनदा घरी आला. म्हणतो, दवाखान्याचे एक लाख अन् दुखण्याचे अडीच, असे साडेतीन लाख घ्या. दुखण्याची मर्यादाच कायद्यात अडीच लाख आहे, अन् बाईला पगार नाही म्हणून कमाईचं काही निघत नाही. पुण्याच्या पुतण्यानंही मोबाईलवर वाचलं की अशा नुकसानीला अडीच लाखांची मर्यादा असते. सरपंच म्हणतात, कोर्ट तर चाळीस हजारच धरते. ताई, ती रात्री उठून बसते, नसलेली बोटं दुखतात म्हणते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली नाही. मांडे करायला तिला चार गावांतून बोलावणं यायचं, आता चुलीपुढं बसत नाही. पोरीची वेणी मी घालतो. याचं बिल तर कुठंच नाही. त्याचे पैसे मिळतात का? गावातली म्हातारी माणसं म्हणतात, दुःखाचे पैसे मागणं बरं दिसत नाही. अन् नवरा म्हणून मला वेगळं काही मागता येते का? पुढच्या आठवड्यात सही करायची आहे.
– एक शेतकरी, जि. वर्धा

भाऊ,

पुढच्या आठवड्यात सही करू नका. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सावकाश वाचली तरी चालतील, हे मात्र आज वहिनींनाही सांगा, कारण सही त्यांचीच लागणार आहे.

कारण असं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये ठरलेल्या रकमा आहेत: अपघाती मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, म्हणून ही रक्कम सोपी. पण २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १६६ मध्ये, म्हणजे चालकाची चूक दाखवून पूर्ण भरपाई मागायच्या कलमात, एक वाक्य घातलं गेलं. कलम १४९ च्या पद्धतीनं कलम १६४ ची रक्कम एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टापुढचा, दावा संपतो. म्हणजे अडीच लाखांचा कागद सही करून दिला की पुढचं दार बंद होण्याची भीती आहे. त्या माणसाला एवढंच सांगा, ‘प्रस्ताव कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या, कोणत्या कलमाखाली देताय आणि कशाकशाचे किती धरलेत ते लिहा.’ कलम १४९ प्रमाणे कंपनीनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तडजोडीचा प्रस्ताव द्यायचा असतो, आणि तो नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नाकारलात तर न्यायाधिकरण दावा गुणदोषांवर ऐकतं. नाकारल्याची शिक्षा कुठेही नाही.

आता तुमच्या कानावर आलेल्या आकड्यांकडे वळते. गंमत म्हणजे यातला एकही आकडा हवेतला नाही. प्रत्येक कुठेतरी खरा आहे, फक्त तुमच्या प्रकरणात लागू नाही.

विमेवाल्याचे अडीच लाख म्हणजे वर सांगितलेली कलम १६४ ची रक्कम. ती ‘दुखण्याची मर्यादा’ नाही. तो दाव्याचा वेगळा, छोटा रस्ता आहे, आणि त्या रस्त्यानं गेल्यास कमाई, दुखणं, पुढचा उपचार सगळं त्या अडीच लाखांत बसवलं जातं. तुम्ही कलम १६६ खाली, ट्रकचालकाची चूक दाखवून दावा करणार असाल, तर कलम १६८ प्रमाणे न्यायाधिकरणानं ‘न्याय्य’ वाटेल ती भरपाई द्यायची असते. त्या शब्दापुढे कायद्यानं आकडा लिहिलेला नाही. इतकंच काय, अर्जात कमी मागितलं असेल आणि पुरावा जास्तीचा असेल, तर न्यायाधिकरण मागणीपेक्षा जास्तही देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे.

पुतण्यानं वाचलेले अडीच लाख बहुधा डॉलर आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७५ मध्ये कायदा झाला, की डॉक्टरच्या हलगर्जीपणाच्या दाव्यात वेदना, गैरसोय, अपंगत्व, विद्रूपता अशा पैशात न मोजता येणाऱ्या नुकसानीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर द्यायचे. जवळजवळ पन्नास वर्षं तो आकडा तसाच राहिला. २०२३ पासून तो दुखापतीच्या प्रकरणांत साडेतीन लाखांवर नेला आणि दरवर्षी वाढत दहा वर्षांत साडेसात लाखांवर जाईल अशी सोय केली. तिथेही ही मर्यादा वैद्यकीय हलगर्जीपणापुरती आहे, ट्रकच्या धडकेला नाही. पुतण्याची चूक नाही; मोबाईलवर देशाचं नाव बारीक अक्षरात असतं आणि आकडा मोठ्या. विमेवाल्याचा आकडा आणि त्याचा आकडा नेमका जुळला, म्हणून तुम्हाला खरं वाटलं.

सरपंचांचे चाळीस हजार हे मृत्यूच्या दाव्यातले. ‘प्रणय सेठी’ नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं असे काही आकडे ठरवून दिले: जोडीदाराच्या सहवासाला मुकल्याबद्दल चाळीस हजार, मालमत्तेच्या नुकसानीपोटी पंधरा हजार, अंत्यविधीला पंधरा हजार, आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ. पुढे २०१८ मध्ये मुलं आणि आईवडील यांनाही हा सहवासाचा हक्क मान्य झाला. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांच्या दुःखाला एवढासा ठरावीक आकडा का, हा प्रश्न मलाही पडतो, आणि माझ्या मते तो आकडा फार तुटपुंजा आहे. पण वहिनी देवाच्या कृपेनं आहेत, आणि जखमी व्यक्तीच्या स्वतःच्या दाव्याला ते कोष्टक लागत नाही.

मग वहिनींच्या दाव्याला काय लागतं? सर्वोच्च न्यायालयानं १९९५ च्या हट्टंगडी निकालात नुकसानीचे दोन भाग सांगितले. हिशेब मांडून पैशात काढता येतं ते एक. असा हिशेब ज्याचा मांडताच येत नाही ते दुसरं. दुसऱ्या भागात त्यांनी शरीराला आणि मनाला बसलेला धक्का, झालेल्या आणि पुढे होणाऱ्या वेदना, चालणं-पळणं-बसणं यांसारख्या जगण्यातल्या सुखांना मुकणं, आयुष्य कमी होणं, आणि गैरसोय, निराशा, मानसिक ताण हे सगळं धरलं. तुम्ही पत्रात ‘याचं बिल कुठंच नाही’ म्हणालात, त्या सगळ्याला कायद्यात अशी जागा आहे.

२०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात याची नीट रांग लावली गेली, आणि आज जखमीच्या प्रत्येक दाव्यात न्यायाधीश तीच रांग पुढे ठेवतात. पैशातल्या बाजूला उपचार, औषधं, प्रवास, पौष्टिक आहार. उपचाराच्या काळातली बुडालेली कमाई. कायमच्या अपंगत्वामुळे पुढची बुडणारी कमाई. आणि पुढचा उपचार. बिनपैशाच्या बाजूला तीन शीर्षकं: वेदना, यातना आणि धक्का; जगण्यातल्या सुखांचा तोटा, ज्यात लग्न जुळण्याची शक्यता गमावणंही येतं; आणि आयुर्मान घटणं. साध्या दुखापतीत यातलं फक्त वेदनेचं शीर्षक मिळतं. कायमचं अपंगत्व आलं असेल आणि तसा वैद्यकीय पुरावा असेल, तरच बाकीची उघडतात. वहिनींना पहिली दोन लागू आहेत. तिसरं मागू नका. हातामुळे आयुष्य कमी होतं असं कोणी डॉक्टर सांगणार नाही, आणि न टिकणारी मागणी घातली की टिकणाऱ्या मागण्यांवरचा विश्वासही कमी होतो.

आता खरी मर्यादा कुठे आहे ते सांगते, कारण ‘मर्यादा नाही’ एवढं ऐकून कोणी तुम्हाला पन्नास लाखांचं स्वप्न दाखवेल. आकड्याची मर्यादा नसली तरी एक मर्यादा पक्की आहे: एकाच नुकसानीचे पैसे दोनदा मिळत नाहीत. त्याच २०१० च्या निकालात न्यायालयानं म्हटलं आहे की पुढच्या कमाईचं नुकसान पन्नास टक्क्यांहून जास्त धरलं असेल, तर सुखांच्या तोट्यापोटी वेगळी मोठी रक्कम द्यायची गरज उरत नाही, नाममात्र रक्कमही पुरू शकते. प्रत्येक न्यायाधीश हे सारख्याच कडकपणे लावतो असं नाही, पण कंपनीचा वकील हे वाक्य वाचून दाखवणारच. म्हणून कोणतं नुकसान कुठल्या खान्यात टाकायचं हे आधीच नीट ठरवावं लागतं. तुमच्याच पत्रातल्या गोष्टी घेऊन बघू.

कापूस वेचणी ही कमाई. किलोवर मजुरी मिळते, दोन्ही हात चालले तरच ओटी भरते, आणि एका हातानं बोंडातून कापूस ओढायला गेलं की पऱ्हाटी हलते नि कापूस खाली पडतो. निंदणही तसंच. इथे ‘७० टक्के’ या सर्टिफिकेटवर थांबू नका. तो आकडा शरीराचा आहे. कमाईची क्षमता किती गेली हा वेगळा प्रश्न आहे, आणि २०१० चा निकाल तेच सांगतो: एकच हात गेला तर गाडीचालक किंवा सुतार यांचं काम पूर्ण बंद पडू शकतं, कारकुनाचं कदाचित चालू राहील. वेचणी-निंदणावर जगणाऱ्या बाईची बाजू सुताराच्या जवळची आहे, कारकुनाच्या नाही. तुमच्या वकिलानं हे ठासून मांडायला हवं.

‘बाईला पगार नाही’ हे तर त्या माणसानं सरळ खोटं सांगितलं. वहिनी मजुरी करत होत्या, तुमच्या वावरात राबत होत्या आणि घर सांभाळत होत्या. घरकामालाही कोर्ट किंमत धरतं, हे २००१ च्या जमशेदपूर आगीच्या प्रकरणापासून मान्य आहे. जानेवारी २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या मानलेल्या उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरायला हवी असं सांगितलं, आणि त्यासाठी २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीचा आधार घेतला: घरच्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, पुरुष ९७.

हिशेबाचा अंदाज यावा म्हणून एक मांडणी करून दाखवते. समजा न्यायाधिकरणानं वहिनींचं सगळं मिळून उत्पन्न महिन्याला ९,००० रुपये मानलं. वय चाळीसच्या आत आणि पगारी नोकरी नाही, म्हणून भविष्यातली वाढ ४० टक्के, म्हणजे १२,६००. वर्षाचे १,५१,२००. वय ३१ ते ३५ असेल तर गुणक (वयाप्रमाणे वर्षाच्या कमाईला ज्यानं गुणतात तो आकडा) १६, म्हणजे २४,१९,२००. कमाईची क्षमता ७० टक्के गेली असं धरलं तर १६,९३,४४०. हा फक्त कमाईचा भाग झाला. मानलेलं उत्पन्न कमीजास्त होईल, टक्का बदलेल. पण ‘कमाईचं काही निघत नाही’ आणि सोळा-सतरा लाख यांत किती अंतर आहे ते बघा. हे मिळणारच असं वचन मी देत नाही. कोणत्या रकमेवर पाणी सोडायला तुम्हाला सांगितलं जातंय, एवढंच दाखवतेय.

आता मांडे. उलट्या मडक्यावर मांडा टाकायच्या आधी तो दोन्ही हातांवर झेलत लांबवावा लागतो. एका हातानं ते होणं नाही. पण वहिनी पैसे घेऊन मांडे करायच्या का? घेत असतील तर तो कमाईचा भाग, आणि ज्यांच्याकडे केले त्यांची साक्ष हवी. नुसतं मानानं, हौसेनं जात असतील, साडीचोळी आणि नाव मिळत असेल, तर हा जगण्यातल्या सुखाचा तोटा. इथे नाममात्र रकमेवर भागवू नका असं म्हणायला जागा आहे, कारण कमाईच्या हिशेबात हे कुठेही आलेलं नाही. चार गावांत जिला हाताच्या कसबासाठी बोलावतात, तिचा तोच हात गेला, हे न्यायाधीशांना कळायला ‘जीवनातील सुखसोयींचे नुकसान रुपये अमुक’ ही टाईप केलेली ओळ पुरणार नाही. दोन-तीन बाया हव्यात, ज्या उभ्या राहून सांगतील की हिच्याशिवाय आमच्याकडचं लग्न होत नव्हतं.

हळदीकुंकवाला न जाणं, पदराखाली हात लपवणं हेही याच खान्यात. पोरीची वेणी मात्र मी घरकामात धरीन की सुखात, हे ठरवताना थांबले. वेळेच्या हिशेबानं ते काम आहे. पण मुलीचे केस विंचरणं कोणत्या आईला काम वाटतं? माझा सल्ला, शपथपत्रात ते जसं आहे तसं येऊ द्या. खाना न्यायाधीश ठरवतील.

कृत्रिम हाताचा खर्च, तो काही वर्षांनी बदलण्याचा खर्च, हे ‘पुढचा उपचार’ या पैशातल्या शीर्षकात मागा. कृत्रिम हात बनवणाऱ्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या. तुम्ही रोज त्यांचं जे करता, म्हणजे आंघोळीला पाणी काढून देणं, नुकत्या शिवलेल्या जखमेची पट्टी, लुगडं नेसायला मदत, त्यालाही सेवेचा खर्च म्हणून मूल्य आहे. नवऱ्यानं फुकट केलं म्हणून त्याची किंमत शून्य होत नाही.

राहिली वेदना, आणि इथे तुमच्या पत्रातलं एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे: ‘नसलेली बोटं दुखतात म्हणते.’ भाऊ, हा वहिनींच्या मनाचा खेळ नाही. हात-पाय काढलेल्या माणसाला गेलेल्या भागात दुखणं, जळजळ, मुंग्या जाणवणं हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे, त्याला इंग्रजीत फँटम पेन म्हणतात आणि त्यावर औषधोपचारही आहेत. वहिनींनी हे डॉक्टरांना सांगितलं आहे का? आपल्याकडे बाया जखम दाखवतात आणि उठतात. पुढच्या वेळी ओपीडीत गेलात की हे सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. झोप लागत नाही, दचकून उठतात, चुलीपुढे बसावंसं वाटत नाही, हेही लिहून घ्या, आणि मानसोपचार विभागात दाखवा. त्यात लाज वाटावी असं काही नाही. टेलिमानस ही सरकारी फोनसेवा १४४१६ वर मराठीतही बोलते. उपचार आधी, दावा नंतर. पण उपचाराचा तोच कागद दाव्यातही वेदनेचा पुरावा असतो. केसपेपरवर नसलेलं दुखणं कोर्टात नुसतं सांगितलं, तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की मग डॉक्टरला का नाही सांगितलं.

बाकी पुरावा तुमच्या ट्रंकेतच असेल: डिस्चार्ज कार्ड, दोन्ही ऑपरेशनच्या नोंदी, औषधांच्या चिठ्ठ्या, दवाखान्यात जायच्या गाडीच्या पावत्या. अपंगत्वाचं सर्टिफिकेट नुसतं जोडून भागत नाही. उपचार करणाऱ्या किंवा तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष व्हावी आणि त्यांनी हातानं काय होतं, काय होत नाही ते सांगावं, यावर न्यायालयाचा भर आहे.

रक्कम किती मिळेल असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डोक्याला मार लागून कायमची परावलंबी झालेल्या बारा वर्षांच्या मुलीला वेदना आणि सुखांच्या तोट्यापोटी पंधरा लाख दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये कमरेखालचा भाग निकामी झालेल्या एका माणसाला वेदनेपोटी पंधरा लाख दिले. ही जवळजवळ पूर्ण परावलंबित्वाची प्रकरणं आहेत. न्यायाधीश अशी प्रकरणं शेजारी ठेवून तुलना करतात, म्हणून वहिनींच्या बिनपैशाच्या दोन्ही शीर्षकांना त्याच्या बरीच खालची रक्कम मिळेल असं मला वाटतं. काही लाखांच्या घरातली. ती किती खाली जाईल ते पुराव्यावर आहे.

म्हणून एक काम करा. तुमच्या अख्ख्या पत्रात वहिनींचं स्वतःचं वाक्य एकच आहे, ते बोटांचं. बाकी सगळं तुम्ही बघितलेलं आहे, आणि तुम्ही प्रेमानं बघितलंय हे कळतं. पण दावेदार त्या आहेत. शपथपत्र त्यांचं असेल, उलटतपासणीला पिंजऱ्यात त्याच उभ्या राहतील. एखाद्या दुपारी त्यांच्या बहिणीला किंवा मैत्रिणीला बोलवा, तुम्ही वावरात जा, आणि वहिनींना बोलू द्या. उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय आधी होत होतं आणि आता होत नाही ते त्यांच्या शब्दांत, आपल्या बोलीत, उतरवून घ्या. नवऱ्यासमोर न निघणाऱ्या गोष्टीही त्यात निघतील. नवऱ्याबायकोच्या नात्यातला बदलही जगण्यातल्या सुखात मोडतो आणि तो बाई नवऱ्याला सांगत नाही. कोर्टात गेल्यावर छापील वाक्यं आठवावी लागतात, स्वतःची आठवावी लागत नाहीत.

म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. त्यांना वाटतं की हाताची किंमत लावली तर हाताचा मान जातो. त्यांना सांगा की ही हाताची किंमत नाही. न्यायालयंही मान्य करतात की गेलेलं परत देता येत नाही. पुढचे दिवस थोडे कमी कठीण जावेत म्हणून ही रक्कम असते. आणि ती कोणाच्या दयेतून येत नाही. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक ट्रकला अशा परक्या माणसाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा आहे, त्याचा हप्ता मालकानं भरलेला आहे, तो याच दिवसासाठी.

नवरा म्हणून तुमचा वेगळा दावा? सहवासाचं ते ठरावीक शीर्षक मृत्यूच्या प्रकरणांतलं आहे. जखमीच्या दाव्यात भरपाई जखमीची. तुमची मेहनत सेवेच्या खर्चात येते, ती त्यांच्याच अर्जात मागा. वेगळा अर्ज करून वेळ घालवू नका.

मुदत मात्र फार जवळ आहे. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत दावा करायची अट आहे. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचे सहा महिने जूनच्या पहिल्या आठवड्यात भरतात, आणि मे महिन्यात कोर्टांना उन्हाळी सुटी लागते. तेव्हा एप्रिलातच अर्ज दाखल झाला पाहिजे. तुम्ही जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणात तो करता येतो, ट्रक कुठल्याही राज्यातला असो. पोलिसांनी तीन महिन्यांत अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. ठाण्यात जाऊन तो गेला का विचारा, आणि एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, ट्रकचा विमा, चालकाचं लायसन्स यांच्या प्रती घ्या. ऑटोचा मालक आणि त्याची विमा कंपनी यांनाही सामनेवाले करा. ऑटोत माणसं जास्त होती, त्याचीही चूक होती असं ट्रकवाले म्हणतील. मागे बसलेल्या प्रवाशाला त्याचा फटका बसत नाही: दोन्ही चालकांची चूक निघाली तरी वहिनींना पूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही वसूल करता येते, असा २०१५ चा निकाल आहे.

वकील लावायला पैसे नसतील तर हिंगणघाटच्या कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्री म्हणून आणि अपंग व्यक्ती म्हणून, दोन्ही कारणांनी वहिनींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो. खासगी वकील लावलात तर फी रुपयांत ठरवा. ‘मिळेल त्याचे तीस टक्के’ असा सौदा करायला वकिलांना त्यांच्या नियमांनीच मनाई आहे, आणि दवाखान्यापासून मागे लागणाऱ्या दलालांना तर दारातच थांबवा.

अर्जासोबत वहिनींच्या एकट्यांच्या नावच्या बँक खात्याचं पासबुक लागेल. ते नसेल तर अर्जाच्या आधी उघडून घ्या. अंगठा डाव्या हाताचा द्यावा लागेल किंवा डाव्या हातानं सही शिकावी लागेल. बँकेत अपंगत्वाचं सर्टिफिकेट दाखवून तशी नोंद करून घ्या. निकाल लागल्यावर न्यायाधिकरण बरीचशी रक्कम त्यांच्या नावानं मुदत ठेवीत ठेवायला सांगेल. त्याबद्दल कुरकुर करू नका.